भाच्यासाठी घेतलेली आगगाडी

इस्रायलमधल्या लोदच्या बाजारात त्या दुपारी पाऊस तिरका पडत होता, पण व्हायोलेट झिराडकर खेळण्यांच्या दुकानात शिरली ती पावसामुळे नव्हे. तसं वाटावं म्हणून मात्र तिने दारात छत्री झटकली, केस पुसले, इकडेतिकडे पाहिलं... आणि मग काचेच्या कपाटासमोर जाऊन उभी राहिली.

आगगाडीचा तो डबा अजून तिथेच होता. रुपेरी, अंगावर बारीक आडव्या पन्हळी, आणि शेपटीकडे गोल होत गेलेला. अमेरिकेतल्या त्या गुळगुळीत अंगाच्या वेगवान गाड्या तिने मुंबईला कॉलेजच्या वाचनालयात, मासिकांमधून पाहिल्या होत्या. स्ट्रीमलायनर. हवेला फारसं न दुखवता जाणारी गाडी, असा तिने स्वतःपुरता अर्थ लावला होता. आता ती लोदजवळच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासत होती. चोवीस वर्षांच्या, फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलीला खेळण्यातला डबा हवा आहे, हे वाक्य तिला मनातसुद्धा पूर्ण करता येत नव्हतं.

"कोणासाठी?" दुकानदाराने हिब्रूत विचारलं. तो जर्मनीतून आलेला म्हातारा होता, खेळणं कागदात गुंडाळण्याआधी मुलाबद्दल विचारायची त्याची पद्धत होती.

दाराशी एक तरुण ओली टोपी पिळत उभा होता. तो इकडेच पाहत होता.

"भाच्यासाठी," व्हायोलेट म्हणाली.

"भाचा!" तो तरुण एकदम मराठीत म्हणाला. हिब्रूत बोलतानाही तिच्या तोंडून मराठी शब्दच निसटला होता. "म्हणजे आपलीच माणसं. पण शेवटचा डबा आधी? इंजिनाशिवाय?"

"पुढून येणाऱ्या हवेने फार बिघडत नाही. मागे जी हवा घुटमळते ना, ती गाडीला मागे ओढते. म्हणून शेपूट नीट हवी."

"हे भाचा म्हणाला?"

"...हो."

"वय काय त्याचं?"

"सात."

"योफी, छान!" तो हसला. "मोठा झाला की देशाचं भलं होईल."

तो आवाज तिने आधी ऐकला होता. कुठे, ते आठवेपर्यंत तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. "तुम्ही विमानतळावर...?"

"भोंग्यातून सूचना देणारा मीच. नेहेम्या पेणकर. कधी आलात तुम्ही?"

"एकसष्टच्या मार्चमध्ये."

"मग सामान डावीकडे मिळेल, असं सांगितलं असेल मी. या देशात तुमच्याशी पहिल्यांदा बोललो तो मी. लक्षात ठेवा."

तोही तिच्यासारखाच मराठी ज्यू, बारा वर्षांचा असताना ठाण्याहून इथे आला होता. त्याचं मराठी तिथेच थांबलं होतं, आणि जिथे अडायचं तिथे तो बेधडक हिब्रू घालायचा. दुसऱ्या भेटीत त्याने 'तुम्ही' टाकून दिलं. "हिब्रूत नसतं ते," तो म्हणाला. "माझा इलाज नाही." तिचाही नव्हता.

त्यानंतर गाडी वाढत गेली आणि भाचाही. नेहेम्या प्रत्येक वेळी दुकानात बरोबर यायचा, डब्यांवर वाद घालायचा, आणि परतताना विचारायचा, "काय म्हणतो आपला इंजिनियर?" व्हायोलेटला उत्तर द्यावं लागायचं. तिचा थोरला भाऊ नाथान दूर दक्षिणेला, वाळवंटातल्या मित्स्पे रामोनला खाणीत कामाला होता आणि सडाफटिंग होता, एवढंच खरं होतं. तिने त्याचं लग्न लावून दिलं, त्याला मुलगा दिला, आणि मुलाला गणिताची आवड दिली. प्रत्येक खोटं आधीच्या खोट्याशी जुळतंय ना, हे ती काटेकोरपणे तपासून पाहायची. प्रयोगशाळेत इतकं नीट काम केलं असतं तर बढती मिळाली असती, असं तिला वाटायचं, आणि लगेच स्वतःची लाज वाटायची.

संध्याकाळी खोलीचं दार लावून ती पेटीतल्या साड्यांखालून डबे काढायची, फळीवर रुळांशिवायच ओळीने लावायची, आणि डोळा फळीच्या पातळीवर आणून बघत राहायची. बाहेर पावलं वाजली की चादर टाकायची.

एकदा नेहेम्याने खिशातून एक पुडी काढली. आत काचेच्या घुमटाचा डबा होता, छतातून आकाश दिसावं म्हणून केलेला. न्यूयॉर्कच्या विमानातल्या एका कर्मचाऱ्याच्या पाठी लागून त्याने तो मागवला होता.

"माझ्याकडून त्याला दे. आणि त्याला घेऊन ये एकदा, विमानं दाखवतो. की मीच जाऊ मित्स्पे रामोनला?"

"नको," ती घाईने म्हणाली. "त्याला... ताप येतोय. उतरतच नाही."

नेहेम्याचा चेहरा असा उतरला, की ती तिथल्या तिथे खरं सांगणार होती. पण डबा हातात होता. काचेचा घुमट उन्हात चमकत होता. ती म्हणाली, "थँक यू." त्याने तिची बोटं डब्यासकट क्षणभर धरली, आणि तिला वाटलं, हे धरणंसुद्धा आपण दुसऱ्याच कुणाच्या नावाने घेतोय.

पुढे तो रोज विचारू लागला. ताप उतरला का, डॉक्टर काय म्हणतात, बीरशेबाच्या इस्पितळात न्यायला गाडी हवी का... शेवटी तिने ठरवलं, हे संपवायचं. मुलाला बरं करायचं, त्याच्या आईबापांना परत मुंबईला पाठवायचं आणि गप्प बसायचं.

"बरा झाला," तिने एका मंगळवारी सांगितलं.

नेहेम्या आनंदाने रस्त्यातच थांबला. "आईला सांगतो. आता गुरुवारी मलिदा."

"कसला मलिदा?"

"आईने नवस बोलला होता ना. एलियाहू हनाबीला. पोरगा बरा झाला तर मलिदा करीन म्हणून. तुला घाबरवायचं नव्हतं म्हणून सांगितलं नाही. सगळ्यांना आण हं. भाऊ, वहिनी आणि आपला इंजिनियर."

गुरुवारी संध्याकाळी व्हायोलेट एकटी गेली.

घर माणसांनी भरलं होतं. मधोमध पाटावर मलिद्याचं मोठं ताट होतं. भिजवलेले पोहे, साखर, वेलची, वरून ओल्या खोबऱ्याचा कीस, भोवती फळं आणि एक गुलाब. नारळ याफोपर्यंत हिंडून आणला होता, हे तिला दारातच एका बाईने सांगितलं.

"एकटीच?" नेहेम्याची आई, रिव्काबाई, तिच्या मागे पाहत म्हणाल्या. "पोरगं कुठाय? मी त्याच्यासाठी वेगळी वाटी काढून ठेवलीय."

"मावशी, मला जरा..."

"आधी बस. बसने पोरांना मळमळतं, राहू दे. प्रार्थनेला पोरगं नसलं तरी चालतं, नाव पुरतं."

रिव्काबाईंचे थोरले भाऊ यित्झहाकमामा डोक्यावर टोपी सारखी करत ताटापाशी बसले. "नाव सांग, बाय," ते म्हणाले. "मुलाचं, आणि त्याच्या आईचं. आपल्यात आजाऱ्यासाठी आईचं नाव घेतात."

मुलाचं नाव तिने केव्हाच ठरवून ठेवलं होतं. आईचंही ठरवलं असतं, एका श्वासात. पण समोर ते ताट होतं. या बाईने त्या नसलेल्या मुलासाठी एलियाहू हनाबीकडे, देवाच्या त्या प्रेषिताकडे, पदर पसरला होता.

"मुलगा नाही," व्हायोलेट म्हणाली.

"म्हणजे? बरा झाला म्हणालीस ना?" रिव्काबाईंचा हात छातीशी गेला.

"तो नव्हताच कधी. माझ्या भावाचं लग्नच झालेलं नाही. आगगाडी मी माझ्यासाठी घेतली. सगळे डबे माझ्या पेटीत आहेत... मीच खेळते त्यांच्याशी."

कुणीतरी खोकलं. मागची एक बाई कुजबुजली, "शिकलेली ना ही?" व्हायोलेटने मान खाली घातली. जमिनीवरच्या फरशीचा एक कोपरा तुटला होता आणि तिला त्यातून आत जाता आलं असतं तर ती गेली असती.

नेहेम्या भिंतीला टेकून उभा होता. त्याचा तो सगळ्या विमानतळाला पुरणारा आवाज अगदी लहान झाला. "मी रोज विचारत होतो तुला. त्या तापात मी दोन रात्री झोपलो नाही, व्हायोलेट."

"माहीत आहे."

"लाज कशाची वाटली एवढी? खोट्याची की गाडीची?"

"आधी गाडीची," ती म्हणाली. "मग खोट्याची. आता... तुम्हा सगळ्यांकडे बघायची."

यित्झहाकमामांनी प्रार्थनेचं पुस्तक मिटलं. "रिव्का, ताट उचल. ज्याच्यासाठी नवस, तोच नाही."

"का उचलू?" रिव्काबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या रागावल्याही होत्या, पण पदर त्यांनी कमरेला घट्ट खोचला. "मी मागितलं होतं, पोराचा ताप जाऊ दे. कुठं आहे ताप? नाही ना? मग माझं मागणं पुरं झालं. एलियाहू हनाबीला मी हिशेब शिकवायचा काय? आणि तू, पोरी, मान वर कर. खोबरं तुलाच किसायला लावलं असतं मी, आधी कळलं असतं तर."

"पण नाव कुणाचं घेऊ?" मामा म्हणाले. "नावाशिवाय कसं म्हणू?"

नेहेम्या भिंतीपासून हलला आणि ताटापाशी, व्हायोलेटच्या शेजारी येऊन बसला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याचे कान मात्र तिच्याइतकेच लाल होते.

"आईचं नाव घ्या, मामा," तो म्हणाला. "व्हायोलेट."

"आणि मुलाचं?"

"ते आम्ही दोघांनी अजून ठरवायचंय. तिची हरकत नसेल तर."

मागे कुणीतरी हसलं. रिव्काबाईंनी लेकाच्या पाठीत एक धपका घातला, पण हात तिथेच ठेवला. मामा चष्म्यावरून व्हायोलेटकडे पाहत वाट बघत होते.

"बोल, बाय. पोहे सुकतायत."

सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते, आणि लाज अजून तशीच होती, तापासारखी अंगभर. तरी तिने या वेळी खरं तेच सांगितलं.

"हरकत नाही," ती म्हणाली. "म्हणा मामा."