उंबराच्या टाक्याचं पाणी खारट कसं झालं?

“भाकऱ्या घेतल्या, ठेचा घेतला, दोरी घेतली. आता फक्त पाण्याच्या बाटल्या राहिल्या!” सुरैया म्हणाली. “गनी, पळ! टाक्यावरून भरून आण.”

“दरवेळी मीच का?” गनी कुरकुरला.

“कारण वाटेत सगळ्यात आधी तहान तुलाच लागते!” वाल्मीक म्हणाला, आणि गनी पाय आपटत निघाला.

दिवाळीची सुट्टी लागली होती. सुरैया आणि तिचा धाकटा भाऊ गनी पौडहून कासार आंबोलीला, जैनुद्दीनमामूंकडे आले होते. शेजारचा वाल्मीक त्यांचा जुना दोस्त. तिघांचा बेत ठरलेला होता, गावामागच्या डोंगरावर चढायचं आणि माथ्यावर बसून जेवायचं!

पण गनी रिकाम्या बाटल्या घेऊनच धावत परत आला.

“ताई, टाक्यात पालकाची भाजी झालीय! आणि तिथे केवढं मोठं भांडण चाललंय!”

तिघेही पळत सुटले. डोंगराच्या पायथ्याशी, उंबराखाली दगडांनी बांधलेलं ते टाकं होतं. खडकातून झऱ्याची धार त्यात पडायची. दरवर्षी दिवाळीत तळाचे खडे मोजता यावेत इतकं नितळ पाणी असायचं. आज मात्र पाण्यावर हिरवीगार साय आली होती आणि शेवाळाच्या लांब शेंड्या तरंगत होत्या. शी! केवढा वास!

काठावर सरपंच कोंडाजी हातवारे करत उभे होते. त्यांच्यासमोर पागोटंवाला धनगर भैरू मान खाली घालून उभा होता.

“तुमची मेंढरं आली आन् पानी नासलं!” कोंडाजी गरजले. “फुलाबाईचं लेकरू चार दिस आजारी हाय. डॉक्टरीणबाई म्हनल्या, ह्ये पानी पोरास्नी द्यायचं न्हाई. उद्या दिस मावळायच्या आत मेंढरांचा वाडा उचलायचा!”

फुलाबाई म्हणजे वाल्मीकची आई. तान्ह्या भावाचं नाव निघताच वाल्मीकचा चेहरा उतरला.

“अवो सरपंच, मीच बोलावलंय त्यास्नी,” जैनुद्दीनमामू मध्ये पडले. “मेंढरं शेतात बसवली की लेंडीखत पडतं. त्याच्यावरच माझं पीक हाय!”

“पीक मोठं का लेकरं मोठी?” कोंडाजींनी विचारलं.

तेवढ्यात भैरूच्या मागून एक मुलगी तरातरा पुढे आली. हातात तिच्याहून उंच काठी!

“आमी यायच्या आदीच पानी हिरवं व्हतं! मी पैल्याच दिशी बगितलं!”

“गप, ठकी!” भैरूने लेकीला मागे ओढलं.

कुणी तिचं ऐकलं नाही. पण सुरैयाने ऐकलं. गर्दी पांगल्यावर ती ठकीजवळ गेली.

“तू खरं सांगतेस?”

“मग काय खोटं? आन् आमचा वाडा कुटं हाय बग की! त्या तितं, खाली! पानी काय डोंगर चढून वर येतंय व्हय?”

तिघांनी वळून पाहिलं. खरंच की! मामूंचं शेत टाक्याच्या चांगलंच खाली होतं. मेंढरं पाणीही ओढ्यावर पीत होती. एवढी साधी गोष्ट मोठ्यांपैकी एकाच्याही ध्यानात आली नव्हती!

“म्हणजे घाण वरून येतेय,” वाल्मीक म्हणाला. “गनी, चढ उंबरावर!”

“पुन्हा मीच!” असं म्हणत गनी सरसर चढलासुद्धा. “गवत दिसतंय. वाळलेलं, पिवळं... अरे! मधे एक हिरवा पट्टा आहे! टाक्यापासून निघालाय तो सरळ वर... बंगल्यापर्यंत!”

डोंगरावर एरवी खेटर मावेल एवढीही जागा हिरवी उरली नव्हती. त्या पट्ट्यात मात्र गवत कमरेएवढं माजलं होतं. डोंगर चढायचाच होता. चौघांनी त्या पट्ट्याचीच वाट धरली. ठकी तर अशी चढत होती, की बाकीच्यांना धाप लागली आणि तिला साधा घामही नाही!

वर पुण्याच्या कारखानीससाहेबांचा सुट्टीचा बंगला होता. साहेबांना गुलाबांचं वेड. मुरूम टाकून त्यांनी मोठं अंगण केलं होतं आणि त्याच्या कडेला... बापरे! लेंडीखताचा केवढा थर! गनीचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला.

“पावसाच्या आदी ट्रकनं आनलंय!” माळी गेणबा कौतुकाने म्हणाला. “सायेब म्हनले, जितकं जास्ती तितकं बेस! मी सकाळी नळी सोडतो, ती सांजच्याला बंद करतो.”

खतावर सोडलेली नळी भळभळ वाहत होती. पाणी मात्र अंगणाबाहेर पडतच नव्हतं. सगळं मुरमात जिरत होतं!

“एवढं कुनी टाकतं व्हय?” ठकी परतीच्या वाटेवर पुटपुटली. “आमचा बा मेंढरं एका जागी दोन राती ठेवत न्हाई. पातळ पडाया पायजे, आन् लगी नांगराया पायजे.”

“चोर सापडला!” गनीने उडी मारली.

“थांब, आधी खात्री करू,” वाल्मीक म्हणाला. त्याने मामूंच्या गोठ्यातून एक डबा आणला, बुडाला भोकं पाडली, आत मुरूम ठासला, वर लेंड्या पसरल्या आणि पाणी ओतलं. खालून तपकिरी पाणी यायला लागलं.

“बघा!”

“पण डोंगर काय एका डब्याएवढा आहे?” सुरैयाने त्याखाली मुरमाचा दुसरा डबा धरला, मग तिसरा. शेवटच्या डब्यातून आलेलं पाणी जवळजवळ स्वच्छ होतं! चौघांचे चेहरे पडले. कोंडाजी म्हणणार, मुरूम सगळं गाळतो, बंगल्याचा काय संबंध?

सुरैया डब्यांकडे टक लावून पाहत राहिली. मग एकदम म्हणाली, “गाळणीतून चहाची पत्ती अडते. साखर अडते का?”

“न्हाई!” ठकी म्हणाली.

“खताचंही तसंच! रंग अडला, कचरा अडला. पण पिकाला पोसणारं जे सत्त्व पाण्यात विरघळतं, ते दिसत नाही आणि अडतही नाही! ते टाक्यात उतरतं आणि तिथं शेवाळ पोसतं. न दिसणारी गोष्ट दाखवायची, तर तिच्यासारखंच विरघळणारं काहीतरी हवं. असं, की जे जिभेला कळेल!”

“मीठ!” तिघेही एका सुरात ओरडले.

वाल्मीकने चिमूटभर मीठ वरच्या डब्यात टाकून पाणी ओतलं. तिसऱ्या डब्यातून आलेला थेंब त्याने जिभेला लावला आणि थुंकून टाकला. “खारट! सुरैया, तुझं डोकं म्हणजे डोकं आहे!”

सुरैयाच्या अब्बांचं पौडला किराणा दुकान होतं. पावसात भिजून दगड झालेलं खडेमिठाचं एक पोतं तिथे पडून होतं. संध्याकाळच्या एसटीने सुरैया आणि मामू ते पोतं घेऊन आले. वाटेत बेत ऐकून मामूंनी कपाळाला हात लावला.

“आन् माझं काम काय?”

“सगळ्यात मोठं!” सुरैया म्हणाली. “उद्या सकाळपासून टाक्यावर बसायचं. कुणालाही पाण्याजवळ येऊ द्यायचं नाही. आम्हालासुद्धा नाही!”

दुसऱ्या दिवशी सकाळी मामूंनी कोंडाजींना पाण्याची चव बघायला लावली. “जिभंला लावा आन् थुंका. हाय का खारट?” “न्हाई! पर ह्ये काय खूळ?” असं म्हणून कोंडाजी गेले. मामू काठावर मांडी घालून बसले.

इकडे गनीने बंगल्यावर मोर्चा सांभाळला. “गेणबाकाका, एवढा मोठा गुलाब मी पौडला कधीच पाहिला नाही! कसा केला हो?”

गेणबाची कळी खुलली. तो गनीला एकेक झाड दाखवत पुढच्या बाजूला घेऊन गेला. मागच्या कुंपणाशी बंगल्याचा कुत्रा गुरगुरत उठला. आता? ठकीने जिभेने कसलासा आवाज केला, हात पुढे धरला, आणि तो राक्षस शेपूट हलवत तिच्या पायाशी लोळायला लागला!

“गुलाबांपासून लांब टाकायचं,” सुरैया कुजबुजली. “झाडं मरायला नकोत.” तिने आणि वाल्मीकने खताच्या पार खालच्या कडेला, नळीचं पाणी जिरत होतं तिथेच, पोतं रिकामं केलं.

मग सुरू झालं वाट पाहणं! चौघेही टाक्यापासून लांब, बांधावर बसले. दुपार झाली. मामूंनी पाणी चाखलं, मान हलवली. नाही. ऊन कललं. पुन्हा चाखलं. नाही! खाली शेतात भैरूने घोड्यावर बिऱ्हाड लादायला घेतलं. ठकी ओठ चावत काठीने माती उकरत होती.

“मुरुमाने अडवलं असेल तर?” वाल्मीक हळूच म्हणाला.

सुरैया पुन्हा त्या हिरव्या पट्ट्याकडे पाहू लागली.

तेवढ्यात टाक्यावरून आरोळी आली. “थू! थू! अरं, खारट! खारट झालं रं!”

जैनुद्दीनमामू पटका हातात घेऊन नाचत होते! अख्खं गाव जमलं. कोंडाजींनी झऱ्याच्या धारेखाली बोट धरलं, जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

“पोरांनी टाक्यात मीठ टाकलं आसंल!”

“सकाळधरनं मी हितंच हाय,” मामू छाती ठोकून म्हणाले. “माशी आली न्हाई पान्याजवळ! मीठ टाकलंय त्या तितं, वर बंगल्यात!”

मग सुरैयाने सगळं सांगितलं. हिरवा पट्टा, गुडघाभर खत, दिवसभर वाहणारी नळी, तीन डबे. कोंडाजी स्वतः डोंगर चढले. सुट्टीसाठी त्याच दिवशी आलेले कारखानीससाहेब त्यांच्याबरोबर खाली उतरले ते घामाघूम होऊन. त्यांनीही धार चाखली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“माझ्या गुलाबांसाठी मी गावाचं पाणी नासवलं?” ते फुलाबाईंसमोर हात जोडून उभे राहिले. “बाई, माफ करा. मला कल्पनाच नव्हती. बंगल्याच्या वरच्या अंगाला माझी विहीर आहे, तिचं पाणी स्वच्छ आहे. आजपासून ते गावाला खुलं!”

दुसऱ्या दिवसापासून बैलगाड्या लागल्या. बंगल्यावरचं खत गावातल्या शेतांत गेलं; भैरूने सांगितल्याप्रमाणे पातळ पसरलं आणि पेरणीच्या तोंडावर लगेच मातीत मिसळलं. टाकं उपसून घासलं. झऱ्यातून पाणी निवळायला अजून वेळ लागणार होता. पण फुलाबाईंचं बाळ विहिरीच्या पाण्यावर चांगलं सावरलं, हातपाय झाडून हसायला लागलं.

आणि कोंडाजी? ते भैरूच्या वाड्यावर गेले. सगळ्यांसमोर त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

“भैरू, लई चुकलो. न बगता बोललो. आता कोकणात उतरायच्या आदी माझ्या शेतात मेंढरं बसव. मानानं बसव.”

भैरूने त्यांचे दोन्ही हात धरले. मग चौघांकडे वळून म्हणाला, “सरपंच, डोंगर मी रोज बगतो. पर डोंगराच्या पोटातलं पानी मला कदी दिसलं न्हाई. ह्या लेकरांनी ते दावलं!”

“शाब्बास रं वाघांनो!” कोंडाजी म्हणाले.

“आन् वाघिनी?” ठकीने कमरेवर हात ठेवून विचारलं.

“व्हय गं बाई, वाघिनी पैल्या!”

सगळे खळखळून हसले. कोंडाजींनी सुरैयाला आणि ठकीला पुढे बोलावलं, दोघींना मधोमध चालायला लावलं, आणि मेंढरांचा तो भलामोठा कळप त्यांच्यामागून सरपंचांच्या शेताकडे निघाला.