दहाला निघतं, बाराला पोचतं

विमानाच्या तिकिटांच्या त्या दुकानात भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं, एवढंच निमित्त. रस्त्याने जाणारा एक घड्याळजी काचेतून ते बघून थबकला, आत शिरला आणि कुणी बोलावलेलं नसताना स्टुलावर चढला. "बंद घड्याळ बघवत नाही हो," म्हणाला. उतरताना त्याची नजर तिकीटवालीवर पडली आणि... देवाची करणी बघा, घड्याळ सुरू झालं नि माणूस जागीच थांबला.

तेव्हापासून तो काही ना काही निमित्त काढून येत राहिला. कधी चावी द्यायला, कधी नुसती काच पुसायला. ती हसायची, तो लाजायचा. गाडी त्यापुढे सरकेना.

अशातच साहेबांनी तिला विचारलं, दूरच्या शहरातलं आपलं ऑफिस सांभाळशील का? हो की नाही, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळव. तिला जायचं नव्हतं. पण 'जाऊ नको' असं एका माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. तिने त्याला बदलीचं सांगितलं आणि श्वास रोखून वाट बघत राहिली.

"छान की," तो म्हणाला. "जा तुम्ही. खुशाल जा."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात हा बाबा रोज शीळ घालत येतो, शीळ घालत जातो. शेवटी ती शेजारच्या टेबलावरच्या काकूंना म्हणाली, "याला काळीज दिलंय देवाने, की तिथेही स्प्रिंगच बसवलीय?"

"विचार की त्यालाच," काकू म्हणाल्या.

"मी मुळीच विचारणार नाही."

शुक्रवारी दुपारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, ऐटीत खुर्ची ओढून बसला.

"तुम्ही तिथे गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारचं तिकीट द्या. सकाळी जायचं, संध्याकाळी परत."

"काय?"

"दर रविवारी येईन म्हणतो... तुमच्या काचेवरच लिहिलंय ना — दहाला निघतं, बाराला पोचतं. दोन तास. माझी मावशी याहून लांब राहते."

तिने कपाळाला हात लावला. "अहो, ते बारा तिथले! तिथली घड्याळं आपल्यापेक्षा सात तास मागे असतात. विमानाला नऊ तास लागतात. सात हजार किलोमीटर आहे ते. घड्याळं दुरुस्त करता ना हो तुम्ही?"

"एका वेळी एकच करतो," तो पुटपुटला. त्याचा चेहरा पार उतरला होता. "नऊ तास... मग आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही विचारलंत? 'खुशाल जा' म्हणालात. तोंडावर. एकदा तरी 'जाऊ नका' म्हणवलं नाही तुम्हाला?"

"दोन तासांसाठी कुणी कुणाला अडवतं का?"

"आणि नऊ तासांसाठी?"

तो बाहीचं बटण उगाच फिरवत राहिला. मग मान वर करून पहिल्यांदाच त्याने तिच्या डोळ्यांत नीट बघितलं.

"नऊ तासांसाठी अडवतो," तो हळूच म्हणाला. "जाऊ नका... माझ्यापाशी राहा."

काकूंच्या हातातला शिक्का हवेतच राहिला.

तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं, पण राग काही पुरता उतरला नव्हता. "ते बटण तुटेल, सोडा आधी," ती म्हणाली आणि साहेबांना फोन लावला.

"साहेब, ती बदली दुसऱ्या कुणाला द्या... हो, विचार करूनच सांगतेय. नाही हो, तिथली काही अडचण नाही. इथे एक माणूस आहे, त्याला एकट्याला सोडून चालायचं नाही. दोन आणि नऊमधला फरकसुद्धा कळत नाही त्याला."