चौदा नंबरमधले आंबे

दर्शनाने मिक्सरचं झाकण दाबून धरलं आणि विनीतने बटण फिरवलं. आंबा, घरचं दही, भिजवलेले बदाम. बस! साखर नाही, बर्फ नाही, बाटलीतलं काही नाही.

अक्षदाने चमचा चाटला आणि नाक मुरडलं. "आंब्याला आंब्याची चवच नाहीये गं."

"वडापाव खाऊन खाऊन तुझी जीभ बधिर झालीय," विनीत म्हणाला.

"मला द्या, मी सांगतो," म्हणत अक्षदाच्या छोट्या भावाने, गौतमने, ग्लास उचलला आणि गटागट रिकामा केला. पिवळी मिशी पुसत हसलासुद्धा.

रविवारी काळाचौकीतल्या त्यांच्या चाळीत मंडळाचा बक्षीस समारंभ होता. दरवर्षी कोल्ड्रिंक असायचं. यंदा या तिघांनी मंडळाच्या लतिका काकूंच्या मागे लागून लागून स्मूदी ठरवली होती. आंबे गुणाजी काका देणार होते. त्यांच्या गावाहून दोन पेट्या आल्या होत्या. एक त्यांनी घरी ठेवली आणि दुसरी मंडळासाठी म्हणून बंद पडलेल्या चौदा नंबरच्या खोलीत, खाटेखाली गवतात आढी घालून. आजच त्यांनी त्यातले चार आंबे आणून दिले होते. "घ्या, करून बघा, पिकले."

"पण काल तर सगळे हिरवेगार होते," अक्षदा पुटपुटली. कोणी लक्ष दिलं नाही.

कारण तेवढ्यात गौतमने पोट धरलं. मग तो ओकला आणि ओकतच राहिला. घसा जळतोय म्हणत रडायला लागला, आणि जरा वेळाने रडायचाही थांबला. ते जास्त भयंकर होतं. अक्षदाच्या बाबांनी त्याला उचललं आणि पळत हॉस्पिटल गाठलं.

संध्याकाळपर्यंत चाळीने निकाल लावून टाकला होता. पोरांनी मिक्सर नीट धुतला नसणार, दही आंबलेलं असणार. लतिका काकूंनी मिक्सर उचलून नेला. गौतमला सलाइन लागलं होतं, आणि अक्षदा दर्शनाकडे बघतही नव्हती.

"आंबे मात्र फुकट घालवायचे नाहीत हं," गुणाजी काका मोठ्याने म्हणाले. "रविवारी आमरस करू. मोठी माणसं करतील, म्हणजे गडबड नको."

चाळीतली सगळी पोरं आमरस खाणार. दर्शनाला अक्षदाचं पुटपुटणं आठवलं: काल तर सगळे हिरवेगार होते.

रविवारी दुपारी ती आणि विनीत गॅलरीतून जात होते. गुणाजी काकांच्या दारासमोर ती एकदम थांबली.

"वास येतोय तुला?"

"आंब्याचा. त्यात काय? त्यांची आढी आहे ना घरात."

"दार बंद आहे, तरी येतोय. आढी अशीच असते. आमच्याकडे तर आधी वास येतो, मग एखादा आंबा पिकतो, मग दुसरा. आजोबा रोज उलटेपालटे करून एकेक काढतात. मग चौदा नंबरमधले सगळे एकदम कसे पिकले?"

विनीत चौदा नंबरकडे वळला. चौदा नंबरची किल्ली दारावरच्या फोटोमागे असते, हे अख्ख्या चाळीला माहीत होतं.

त्यांनी दार उघडून किल्ली परत फोटोमागे ठेवली आणि आत शिरून दार लोटून घेतलं. आत अंधार होता आणि कोंदट गरम हवा. आंब्याचा वास नव्हता. लसणासारखा काहीतरी उग्र दर्प होता, नाकात खुपणारा. खाटेखाली आंबे ओळीने पडले होते. सगळे सारखेच पिवळे, एकही डाग नाही. रंगवून ठेवल्यासारखे. दर्शनाने गवतात हात घातला आणि कागदाची एक पुडी बाहेर काढली. आत करडे खडे.

"अजून आहेत," विनीत कुजबुजला. "दर्शना, चल इथून."

बाहेर चपला वाजल्या.

दोघं खाटेच्या मागच्या टोकाला, भिंतीला चिकटून पडले. दार उघडलं. गुणाजी काकांचे पाय. ते फोनवर बोलण्यात गुंग होते; दार नुसतं लोटलेलं होतं, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"हो रे, तुझं कार्बाइड भारी निघालं. एका रात्रीत पिवळे. आता पुड्या काढून टाकतो... छे छे, घरच्या आढीत कशाला घालू? ते आपल्या माणसांनी खायचेत."

त्यांचा हात गवतात चाचपडत पुढे येत होता. विनीतच्या नाकापर्यंत आला. दर्शनाच्या मुठीतली पुडी घामाने भिजली आणि तळहात चटचट भाजायला लागला. तिने ओठ दाताखाली धरला. मूठ उघडली नाही.

हात मागे गेला. दार लागलं. किल्ली फिरली नाही, हे नशीब.

"सांगूया सगळ्यांना," विनीत धापा टाकत म्हणाला.

दर्शनाने लाल झालेला तळहात नळाखाली धरला. "आपण? गौतमला आजारी पाडणारे? कोण ऐकणार? त्यांनाच बोलायला लावायचं."

संध्याकाळी चौकात परात मांडून बायका आंबे पिळायला बसल्या. गुणाजी काका खुर्चीत होते. दर्शना पिवळा ग्लास घेऊन पुढे आली.

"काका, चुकलं आमचं. त्याच आंब्यांची स्मूदी केलीय, रवीने घुसळून, भांडी दोनदा धुऊन. पहिला मान तुमचा."

काकांनी ग्लासकडे पाहिलं. "मला शुगर आहे गं."

"साखर घातलीच नाही."

"नको म्हणतो ना. पोट भरलंय."

"पोरांका कित्याक रडवतास?" त्यांची बायको रखमा काकू उठल्या. "दी हयसर, मी पितंय." त्यांनी ग्लास तोंडाला लावला.

"रखमा, पिऊ नको!"

काकांनी ग्लास उडवून दिला. तो परातीवर आपटला.

"त्यात केळं होतं काका," दर्शना म्हणाली. "केळं, दही आणि चिमूटभर हळद." तिने परातीशेजारी ती पुडी ठेवली आणि तळहात उघडून दाखवला. "आंब्यांत हे होतं."

रखमा काकूंनी आधी पुडीकडे, मग नवऱ्याकडे पाहिलं. "घरचे आंबे येगळे, आणि पोरांका ह्यां?"

"पेट्या उशिरा आल्या," काका खाली बघत म्हणाले. "सगळ्यांना शब्द दिला होता. वाटलं, थोड्याने काय होतंय."

अक्षदाच्या बाबांनी पुडी उचलली आणि डॉक्टरांना दाखवायला तसेच निघाले. अक्षदा त्यांच्यामागे धावली, मग वळली, दर्शनाचा भाजलेला हात हळूच धरला आणि परत धावली.

समारंभ पुढच्या रविवारी झाला. रखमा काकूंनी घरची आढी मोकळी करून दिली, तरी प्रत्येकाच्या वाट्याला अर्धाच ग्लास आला. लतिका काकूंनी मिक्सर स्वतः आणून दर्शनासमोर ठेवला. "आम्ही मोठी माणसं मिक्सर तपासत बसलो," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आंबे तुम्ही तपासलेत."

गौतम बारीक झाला होता, पण रांगेत पहिला होता. त्याने ग्लास घेतला, नाकाशी नेला, डोळे मिटून वास घेतला, आणि मगच प्यायला. त्याचं बघून मागची सगळी रांग तसंच करायला लागली.

गुणाजी काका लांब जिन्यापाशी उभे होते. गौतम त्यांच्याकडे अर्धा ग्लास घेऊन गेला.

"काका, आधी वास घ्या हं," तो म्हणाला.