बॉयलर पुन्हा बंद पडलाय

"अहो बाबा, लाल दिवा लुकलुकतोय का नुसता पेटलाय?... बरं, मग ते बटण दाबून धरा. हां. लागला? परत विझला?... परत दाबा!"

जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या त्या भल्यामोठ्या बाउमार्क्टमध्ये, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात, खिळे, नळ आणि पाइपांच्या राज्यात, असं खणखणीत मराठी ऐकू येईल असं ऊर्मिलाला वाटलं नव्हतं. सायकलच्या ट्यूबकडे गेलेला तिचा हात थांबला. मागे एक उंच तरुण उभा होता. केसांत बर्फ वितळत होता, फोन कान आणि खांद्याच्या चिमटीत, आणि काखेत विजेचा हीटर.

"माफ करा," तिच्याच्यानं राहवेना, "पण ते बटण सारखं सारखं दाबायला लावू नका."

तो दचकला. मग फोनमध्ये म्हणाला, "बाबा, थांबा जरा. इथे एक बाई ओरडतायत."

"ओरडले नाही मी."

"नाही, म्हणजे... ओरडला असतात तरी बरोबरच होतं."

ऊर्मिलाला हसू आलं. "बॉयलर स्वतःहून बंद होतो तेव्हा त्याला काहीतरी खुपत असतं. ते न बघता नुसता चालू करत राहायचं म्हणजे—"

"तुम्ही बॉयलरच्या डॉक्टर आहात का?"

"इंजिनं तापू नयेत हे बघते. र्युसेल्सहाइमला, मोटारीच्या कारखान्यात."

"मग आमच्याकडे तुम्हाला कामच नाही. आमचं सगळं आधीच थंड आहे."

तो विनोद होता, पण डोळे हसत नव्हते. त्याचं नाव निहार. इथल्या विद्यापीठात गणितात डॉक्टरेट करत होता. आई पावसाळ्यात गेली. सांगलीच्या घरात वडील एकटे नकोत म्हणून त्यानं त्यांना हिवाळ्यापुरतं इथे आणलं, आणि नेमका बॉयलर रुसला. घराची व्यवस्था बघणारे म्हणत होते, सगळीकडे हीच बोंब आहे, मेकॅनिकला यायला वेळ लागेल.

ऊर्मिलानं एकदा ट्यूबकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "घर लांब आहे?"

"इथेच, बेसुंगेनला. ट्रामनं... हा हा म्हणता पोचू."

---

निहारचे वडील दत्तात्रयकाका स्वेटरवर स्वेटर, त्यावर मुलाचं जाकीट आणि डोक्यावर कानटोपी असे उठून उभे राहिले. आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस. पाहुण्यांसमोर बसून राहणं त्यांना जमायचं नाही.

"या, या. चहा टाकतो. आलं चालतं ना?"

स्वयंपाकघराच्या भिंतीवर तो पांढरा बॉयलर टांगलेला होता. ऊर्मिलानं खाली वाकून दाबाचा काटा पाहिला. तळाला गेलेला. पाणी कमी, म्हणून बंद पडत होता. तिनं नळीनं पाणी भरलं, काटा वर आला, आत निळी ज्योत भसकन पेटली आणि रेडिएटर गुडगुडायला लागले.

"झालं?" निहारनं विचारलं.

"झालं... बहुतेक."

ट्राम येईपर्यंत तो तिच्यासोबत थांब्यावर उभा राहिला. "काही झालं तर फोन करू?"

"काही झालं तर करा."

"आणि काहीच झालं नाही तर?"

ट्रामचं दार उघडलं आणि ती आत चढली. पण खिडकीतून पाहिलं तेव्हा तो तसाच उभा होता, बर्फात, टोपी न घालता.

मग रोज संध्याकाळी तिच्या फोनवर काट्याचा फोटो यायला लागला. 'काटा जागेवर. बाबा खुशीत.' हळूहळू फोटोत काट्याबरोबर दुसरंही काही येऊ लागलं. काकांनी लाटलेली वेडीवाकडी पोळी. खिडकीतल्या कुंडीवर साचलेला बर्फ. मीटिंगमध्ये ऊर्मिलाचं लक्ष टेबलावर पालथ्या ठेवलेल्या फोनकडे जायचं, आणि ते आपल्या लक्षात आलं की ती स्वतःवरच चिडायची.

एका संध्याकाळी फोटो आला नाही. दुसऱ्याही संध्याकाळी नाही. तिनंच फोन केला.

"बंद पडलाय," निहारचा आवाज उतरलेला होता. "आणि बाबांना ताप आहे."

---

ती कारखान्यातून तशीच निघाली. काका तीन पांघरुणांखाली कुडकुडत होते. डॉक्टर येऊन गेले होते. छातीत कफ भरलाय, खोली उबदार ठेवा, नाहीतर दवाखान्यात हलवावं लागेल, असं सांगून. विजेचा हीटर कोपऱ्यात जिवाच्या आकांतानं तापत होता, पण त्या उंच छताच्या खोलीला तो कुठे पुरणार?

निहार स्वयंपाकघरात खिडकीकडे तोंड करून उभा होता.

"बॉयलर अधूनमधून बंद पडतच होता," तो म्हणाला. "बाबांनी सांगितलंच नाही. मी विद्यापीठात गेलो की नळीनं पाणी भरून, बटण दाबून चालू करायचे. चालू नाही झाला तर तसेच गार पाण्यानं आंघोळ करायचे. का, तर माझा प्रबंध संपत आलाय, मला त्रास नको." त्यानं काचेवर साचलेली वाफ हातानं पुसली. "आई गेली तेव्हा मी इथे होतो, बाबा तिथे एकटे होते. आता ते माझ्या शेजारच्या खोलीत आहेत... आणि तरी एकटेच होते, ऊर्मिला."

पहिल्यांदाच त्यानं तिला नावानं हाक मारली होती. ऊर्मिला बॉयलरपाशी जाऊन वाकली.

"मी पाणी भरलं," ती म्हणाली, "पण आधीचं गेलं कुठे, हे बघितलंच नाही. ते आता बघू."

तिनं पाणी भरून बॉयलर चालू केला आणि दोघं फरशीवर बसून काट्याकडे बघत राहिले. पाणी तापत गेलं तसा काटा चढला... चढतच गेला, थेट लाल पट्ट्यात. आणि खालच्या पाइपातून टपटप पाणी वाहून जाऊ लागलं.

"सापडलं," ती पुटपुटली. "पाणी तापलं की फुगतं. त्याला जागा मिळावी म्हणून आत एक डबा असतो. मध्ये रबरी पडदा, एकीकडे पाणी, एकीकडे हवा. ती हवा गेलीय. जास्तीचं पाणी बाहेर पडतं, मग गार झाल्यावर दाब उतरतो आणि बॉयलर बंद."

तिनं घराची व्यवस्था बघणाऱ्यांच्या मेकॅनिकला फोन लावला. गॅसच्या बाजूला हात लावणार नाही, फक्त हवा भरते, असं समजावून सांगितलं. पलीकडून थकलेला आवाज आला, "गेनाऊ, बरोबर, तसंच करा." मग बॉयलर बंद करून तिनं आतलं पाणी सोडलं, डब्याच्या तोंडावरची टोपी काढली आणि आतली सुई हलकेच दाबली. पाणी आलं असतं तर पडदा फाटलेला, मग सगळाच खेळ संपला असता. फुस्स... हवाच आली, अगदी क्षीण.

"सायकलचा पंप आहे?"

तो धावतच तळघरात गेला. त्यानं पंप मारला, तिनं दाब बघितला. बाही वर सरकवलेल्या त्याच्या हाताचा तिच्या खांद्याला स्पर्श होत होता, आणि दोघंही त्याबद्दल काही बोलत नव्हते. पुन्हा पाणी भरलं. ज्योत पेटली. काटा जरासा हलला आणि थांबला.

बराच वेळ कुणी उठलं नाही. मग रेडिएटर तडतडला, आणि आतून काकांचा खोल गेलेला आवाज आला, "ऊब आली रे..."

निहारनं गुडघ्यांत डोकं घातलं. त्याचे खांदे हलत होते. ऊर्मिलानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

थोड्या वेळानं तो डोळे पुसत म्हणाला, "रोज काट्याचा फोटो पाठवायचो ना... मला काट्याची काळजी नव्हती. मला तू आवडतेस, ऊर्मिला."

तिनं हात काढून घेतला.

"आज असं बोलू नकोस. आज तुझ्यावर उपकार झालेत, म्हणून तुला तसं वाटतंय." ती पाने-पक्कड पिशवीत भरू लागली. "माझं लग्न मोडलंय, निहार. जयंत म्हणायचा, तुझं तूच सगळं निभावतेस, तुला माझी गरज काय? बाकीचे येतात ते काम असलं की. काम झालं की जातात. त्याची मला सवय आहे. पण तू तसा गेलास तर मला... नको. मला नाही जमायचं."

तो वाद घालायला गेला नाही. दारापर्यंत आला, तिचा कोट हातात दिला आणि एवढंच म्हणाला, "बरं."

---

काकांचा ताप उतरला, हे तिला काकांच्याच फोनवरून कळलं. निहारचा फोन नाही, फोटो नाही. संध्याकाळी र्युसेल्सहाइमच्या घरी ती जेवण गरम करायची आणि गार होईपर्यंत समोर घेऊन बसायची. हे तर आपणच मागून घेतलं, असं ती स्वतःला बजावायची. त्यानं रुखरुख कमी व्हायची नाही.

फेब्रुवारी सरत आला होता. एका रविवारी काकांचा फोन आला.

"ऊर्मिला, बॉयलर पुन्हा बंद पडलाय गं."

ती हत्यारांची पिशवी घेऊन पोचली. दार उघडताच आतली ऊब चेहऱ्यावर आली. काटा जागेवर होता.

"काका?"

"खोटं बोललो," ते शांतपणे म्हणाले. "ज्यासाठी पोरांना वर्गाबाहेर उभं केलं, तेच केलं. बस." त्यांनी तिच्यापुढे चहा ठेवला. "मी पुढच्या आठवड्यात सांगलीला चाललोय. मला माझं घर हवंय, तिथे माझी माणसं आहेत. पण हा पोरगा... तू नको म्हणालीस ना, आता तो तुला फोन करायचा नाही. मीच वाढवलाय तसा."

"काका, त्याला त्या दिवशी उपकारापोटी—"

"उपकार फेडले की माणूस हलका होतो, बाळ. काल त्यानं मला विचारलं, ऊर्मिलाला शाल देऊ या का, बाबा? मी म्हटलं, दे. म्हणाला, शाल देऊन भागायचं नाही." काका थोडे थांबले. "तुला तो नको असेल तर चहा पिऊन जा, मी पुन्हा बोलावणार नाही. पण भीतीपोटी नको म्हणत असशील, तर ते मला नको सांगूस. त्याला सांग."

कुलूप उघडल्याचा आवाज आला. निहार भाजीच्या पिशव्या घेऊन दारात उभा. तिला पाहून त्याचा चेहरा क्षणभर उजळला आणि मग त्यानं तो घाईनं सावरला.

"परत बंद पडला का?"

"नाही." ऊर्मिला उभी राहिली. "मी तुझ्याशी बोलायला आलेय. म्हणजे... त्यासाठी आले नव्हते, पण आता त्यासाठीच आहे."

तो पिशव्या खाली ठेवायचंही विसरला.

"त्या दिवशी मी उपकाराचं निमित्त काढलं. खरं म्हणजे मी घाबरले होते. अजूनही घाबरतेय, निहार. ती भीती जाईल असं मला वाटत नाही. पण गेले कितीतरी दिवस संध्याकाळी घरी गेलं की..." तिनं चहाचा कप बाजूला सारला. "मला तू हवा आहेस. काम असो, नसो. मी घाबरत घाबरतच येणार. चालेल?"

काकांनी खुंटीवरची कानटोपी काढली. "मी जरा पाय मोकळे करून येतो."

"बाबा, बाहेर पाऊस आहे," निहार तिच्यावरची नजर न काढता म्हणाला.

"छत्री आहे माझ्याकडे," काका म्हणाले, आणि त्यांनी जाताना दार हलकेच ओढून घेतलं.

"चालेल," निहार म्हणाला. "मीही घाबरलोय, ऊर्मिला." पिशव्या आता कुठे जमिनीवर टेकल्या, आणि त्यानं दोन्ही हात पुढे केले.