घर क्रमांक चौदा

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या वर्गात, चौथीच्या बाकावर. आम्ही दोघंही अर्थात चौथीत नव्हतो. मी पंचवीस वर्षांचा, वडिलांच्या चष्म्याच्या दुकानात नुकता बसू लागलेला. तो बस डेपोत मेकॅनिक, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मतदानाचा दिवस होता. मी माझ्या पक्षाचा प्रतिनिधी, तो विरोधी पक्षाचा. मतदारयादी पुढ्यात घेऊन बसायचं, मत देऊन गेलेल्याच्या नावावर रेघ मारायची आणि कुणी खोटा वाटला तर हरकत घ्यायची, एवढंच काम. खुर्च्या कमी पडल्या म्हणून अधिकाऱ्यांनी आम्हाला एका बाकावर कोंबलं. गुडघ्याला गुडघा लागला… आणि दिवसभर लागूनच राहिला.

त्याने पिशवीतून लाकडी फूटपट्टी काढली, यादीवर ठेवली आणि झोकात सरळ रेघ मारली. मग माझ्या कागदाकडे पाहिलं.

“यादीवरून कोंबडी चालत गेली का?”

“माझ्या पक्षाची यादी आहे. तुम्हाला काय त्याचं?”

“काही नाही. घ्या. अर्धी पट्टी तुमची.”

त्या दिवसापासून मी मनातल्या मनात त्याला फूटपट्टीच म्हणू लागलो. दुपारी माझ्या लक्षात आलं की तो यादी हात लांब करून वाचतोय.

“तुम्हाला जवळचं नीट दिसत नाही,” मी म्हणालो. धंद्याची सवय, दुसरं काय!

“लांबचं दिसतं ना. तुम्ही फाटकातून आत येत होतात, तेव्हाच दिसला होतात.”

असं बोलून हा गृहस्थ शांतपणे पुढच्या नावावर रेघ मारतोय! माझे कान तापले. संध्याकाळी पेटीला कागदी सील लावलं, त्यावर शेजारी शेजारी आमच्या दोघांच्या सह्या झाल्या. आठवड्याभरात तो दुकानात आला. मी त्याच्या कानांमागे चष्म्याच्या दांड्या बसवल्या. बोटं तिथून काढायला मला जरा वेळच लागला.

“घट्ट होतंय का?” मी विचारलं.

“होऊ दे,” तो म्हणाला.

प्रेमात पडायला आम्हाला एक चष्मा पुरला. भांडायला मात्र रोज नवा विषय मिळायचा. पाण्याचे नळ, रस्ते, शाळा, कशावर म्हणून आमचं एकमत नव्हतं. मी त्याला अडेलतट्टू म्हणायचो, तो मला शेठजींचा पोपट. त्यातच तिसऱ्या निवडणुकीच्या वर्षी डेपोत संप झाला. माझ्या पक्षाने ठेकेदाराच्या बस रस्त्यावर आणल्या आणि त्या निर्णयाला पाठिंबा देणाऱ्या पत्रकावर माझीही सही होती. चाळीस दिवसांत संप मोडला. मतदानाच्या दिवशी तो बाकावर बसला, फूटपट्टी आमच्या दोघांच्या मधोमध उभी ठेवली आणि दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलला नाही. पुढची दोन-तीन वर्षं आम्ही एकमेकांच्या वाटेलाही गेलो नाही. मी चुकलो होतो, हे कळायला मला दोन महिने लागले आणि ते सांगायला जायचं धाडस झालंच नाही.

शेवटी तोच आला, चष्मा हातात घेऊन.

“स्क्रू ढिला झालाय.”

“चष्म्याचा की डोक्याचा?”

“दोन्ही बघ.”

स्क्रू आवळता आवळता मी रडलो. “ती सही करायला नको होती मी,” एवढं कसंबसं म्हणालो. त्याने काउंटरवरचं काच पुसायचं फडकं माझ्या हातात दिलं. त्याच महिन्यात तो दुकानावरच्या माझ्या घरात राहायला आला. आल्यागेल्याला मी सांगायचो, भाडेकरू आहे.

मतदारयादीत मात्र तो दोन गल्ल्या पलीकडे, त्याच्या ताईच्या घरीच राहिला. दर निवडणुकीआधी तो विचारायचा, “पत्ता बदलू का?” आणि मी म्हणायचो, “पुढच्या वेळी.” भीती माझीच होती. यादी दोन्ही पक्षांचे लोक बोट ठेवून वाचतात. त्याचं नाव माझ्या नावाखाली दिसलं की गिऱ्हाईकं काय म्हणतील, पक्षातले लोक काय म्हणतील… मतदानाच्या दिवशी तर आम्ही घरीसुद्धा वेगवेगळ्या वाटांनी जायचो. तो मागच्या बोळातून, मी पुढच्या रस्त्याने.

चार वेळा “पुढच्या वेळी” झालं. यंदा त्याने विचारलंच नाही. अर्ज भरून माझ्या पुढ्यात ठेवला.

“मी बासष्ट वर्षांचा झालो, चष्म्या. आणखी किती पुढच्या वेळा आहेत तुझ्याकडे?”

घरमालक म्हणून मी सही केली. घाबरून, अर्धे डोळे मिटून. जगाला चष्मे लावणारा मी, अर्ज न वाचता सही केली!

मतदानाच्या सकाळी त्याच वर्गात, त्याच बाकावर नवी यादी मिळाली. घर क्रमांक चौदा. माझं नाव. त्याखाली त्याचं. आणि नात्याच्या रकान्यात ‘भाडेकरू’ नव्हे, ‘कुटुंबीय’.

“हे काय लिहिलंस?” मी कुजबुजलो.

“जे आहे ते.”

“अरे, तू काय वेडा आहेस का?”

“हरकत असेल तर घे. तुझा हक्क आहे तो.” त्याने पट्टी पुढच्या नावावर सरकवली. पण ती वाकडी बसली, कधी नव्हे ते. तेव्हा मला कळलं, भीती माझी एकट्याची नव्हती.

अकराच्या सुमाराला तो मत द्यायला रांगेत उभा राहिला. रांगेत आमची अर्धी गल्ली होती. माझ्या पक्षाचे वॉर्डाध्यक्ष दाराशी उभे. ताई त्याच्या मागेच, छत्री टेकून. अधिकारीबाई नव्या होत्या, कुणालाच ओळखत नव्हत्या. त्यांनी त्याचं कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

“कार्डावर पत्ता वेगळा आहे. यादीत घर चौदा. ओळख पटवावी लागेल.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “तुम्ही यांच्या विरोधी पक्षाचे प्रतिनिधी ना? यांना ओळखता?”

“ओळखतो.”

“चौदा नंबरच्या घरातच राहतात?”

“हो.”

“कुटुंबीय लिहिलंय. कुणाचे कुटुंबीय?”

रांगेतल्या माना आमच्याकडे वळल्या. तो माझ्याकडे बघत नव्हता, भिंतीवरच्या पाढ्यांकडे बघत होता. नुसतं ‘माहीत नाही’ म्हटलं असतं तरी सुटलो असतो. त्याचं मत बाजूला पडलं असतं, माझ्या पक्षाचा फायदाच झाला असता. आणि तो संध्याकाळी मागच्या बोळातून गेला असता, पण माझ्या घरी नाही… मी उभा राहिलो. बाक लहान, गुडघा जोरात आपटला.

“माझे,” मी म्हणालो. “माझ्या घरचे आहेत ते. बावीस वर्षं झाली.”

“तुमची काही हरकत?”

“अजिबात नाही.”

मग ताईने छत्री जमिनीवर आपटली.

“सुटले बाई एकदाची! बावीस वर्षं माझ्या पत्त्यावर याची पत्रं यायची आणि मी ती चौदा नंबरला पोचवायची. आता सरक रे पुढे, पाय दुखतायत माझे.”

रांगेत हशा पिकला. वॉर्डाध्यक्ष दारातूनच म्हणाले, “आम्हाला काय माहीत नव्हतं होय? पण एवढा घरचा माणूस, त्याला आपल्या पक्षात ओढता आलं नाही ना तुम्हाला!”

मी खाली बसलो. इतकं हलकं वाटत होतं की हसू आवरेना. मत देऊन तो परत आला, बाकावर बसला, गुडघ्याला गुडघा लावला. फूटपट्टी घर चौदावर ठेवून मी त्याच्या नावावर रेघ मारली. पहिल्यांदाच सरळ आली.

“मत कुणाला दिलंस?” मी हळूच विचारलं.

“तुझ्या पक्षाला तर नक्कीच नाही.”

संध्याकाळी पेटीला सील लागलं, शेजारी शेजारी सह्या झाल्या. बाहेर पडल्यावर तो सवयीने बोळाकडे वळला. मी त्याचा हात धरला.

“इकडून,” मी म्हणालो. “पुढच्या रस्त्याने.”

आणि आम्ही पाण्याच्या नळांवरून भांडत घरी गेलो.