दुपारी विचारायला येणारी बाई

मालनबाई सेलूच्या शाळेत शिकवायच्या. नवरा नोकरीमुळे बाहेरगावी, मूलबाळ नाही. घरात त्या आणि म्हातारी आई, रुख्मिणी. नामांतराच्या दंगलीत गावाकडचं घर जळालं तेव्हा फोटोसुद्धा राहिले नव्हते. वडील कसे हसायचे, मालन कुठल्या झाडाखाली चालायला शिकली, हे सांगणारं एकच माणूस उरलं होतं. आणि तेच आता विसरायला लागलं होतं.

एकदा आई रेल्वेच्या रुळांवरून एकटीच चाललेली सापडली. मग मालनबाईंनी जड मनाने तिला परभणीच्या एका नर्सिंग होममध्ये ठेवलं. दर रविवारी त्या भेटायला जायच्या. खोली मागच्या अंगाला होती. एक खाट, एक स्टूल आणि फिनेलचा वास. देखरेखीला चांगुणाबाई नावाची आया होती. कामाला चोख, बोलायला कमी.

असंच एका रविवारी केस विंचरून घेता घेता आई म्हणाली,

"दुपारची ती येती. स्टुलावर बसती. लय गोड बोलती."

"कोण गं?"

"काय ठावं. ती इचारती, मी सांगती. काल तुझ्या बापाचं नाव इचारलं."

"मग?"

"सांगितलं की... आता माझ्यापाशी न्हाई ते."

मालनबाई तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, सिताराम. आईने ते नाव परक्या माणसाचं ऐकावं तसं ऐकलं.

डॉक्टर म्हणाले, या आजारात असंच होतं, हळूहळू सगळं पुसत जातं. पण हे पुसलं जात नव्हतं. वाफ्यातून एकेक रोप मुळासकट उपटून न्यावं, तसं चाललं होतं. एका रविवारी माहेर गेलं, पुढच्या रविवारी लग्न. मालनबाईंचा संशय चांगुणाबाईवर गेला. दुपारी दुसरं होतंच कोण तिथे? शेवटी त्यांनी तिला व्हरांड्यात गाठून विचारलं, आईला काय काय विचारता म्हणून.

चादरीची घडी घालता घालता चांगुणाबाई थांबली.

"मी कशाला इचारू, बाई? दुपारची मी त्या खोलीत जात न्हाई."

"का?"

 चांगुणाबाईने घातलेली घडी मोडून पुन्हा घातली.

मालनबाईंनी रजा काढली आणि एका दुपारी आईच्या पायथ्याशी बसून राहिल्या. बाहेर ऊन रणरणत होतं. वीज गेली, पंखा थांबला. फिनेलचा वास हळूहळू मागे सरला आणि ओल्या राखेचा वास यायला लागला. आईचा चेहरा उजळला. रिकाम्या स्टुलाकडे बघून ती मान डोलवत होती, कुणी आपुलकीने चौकशी करत असावं तशी. मग तिने मालनबाईंकडे बोट केलं.

"ही व्हय? ही माझी लेक... मालू."

मालनबाईंनी झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. उशीर झाला होता. आईने तो हात अदबीने बाजूला केला आणि विचारलं,

"तुमी कोण, बाई?"

पोळ्याच्या सुमारास आई गेली. शेवटपर्यंत तिने लेकीला ओळखलं नाही.

पुढे महिनाभराने चांगुणाबाई सेलूला आली. घरात यायला तयार होईना. दारातूनच म्हणाली, त्या खाटेवर आता पाथरीकडची एक म्हातारी हाय, तिच्या घरच्यांना तिचं बोलणं उमगंना झालंय, एकदा येऊन ऐका. मालनबाईंना तिचा भरवसा वाटत नव्हता. तरी त्या गेल्या.

खाटेवर थोराड हाडाची, कधी न पाहिलेली बाई बसली होती. मालनबाईंना तिने दारातच ओळखलं.

"आलीस, मालू? सिताराम आत्ताच शेताकडं गेला बघ."

आणि ती बोलतच राहिली. वडिलांचं हसणं, दारचा कडुलिंब, मालूचं पहिलं पाऊल. सगळं जसंच्या तसं, आईच्याच लयीत. मालनबाईंना भीती वाटायला हवी होती. पण त्या खाटेवर टेकल्या, तो अनोळखी हात हातात धरला आणि पोटभर रडल्या.

म्हातारीने त्यांचे डोळे पुसले. मग त्यांच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं.

"आन् धाकटीला भाईर का उभं केलंस? येऊ दे की तिला."

मालनबाई एकुलत्या एक होत्या. त्यांनी सावकाश मागे वळून पाहिलं.

दारात चांगुणाबाई एकटीच होती, पण ओल्या राखेचा तोच वास आत येत होता. तिने मान खाली घातली, पदर सावरला, आणि कुणाला तरी वाट द्यावी तशी ती बाजूला सरली.