पुरुषांच्या बाकावरचा खर्ज

ही गोष्ट मी कुठे वाचलेली नाही. व्हर्नेल मेम्फिसमध्ये माझ्या शेजारी राहते आणि तिच्यावर जे गुदरलं ते तिनेच मला सांगितलं. थापा मारणाऱ्यांतली ती बाई नाही.

ऑक्टोबरमधला रविवार होता. मिसिसिपीतलं एक एवढंसं गाव.

रात्र नव्हती. भर दुपार होती, लख्ख ऊन पडलं होतं.

व्हर्नेल आणि तिची धाकटी बहीण क्लॉडेट दर वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत गाडी काढायच्या. हायवे सोडून आडगावांतून हिंडायचं, जुनी थडगी बघायची, कॅटफिश कुठे चांगला तळतात ते शोधायचं आणि चर्चमधली जुनी गाणी ऐकायची. व्हर्नेलचा नवरा रॉस्को कधी सोबत आला नाही. "तुमची थडगी तुम्हालाच लखलाभ," म्हणायचा. एरवी सुट्टी मिळाली की गळ घेऊन मासे धरायला निघून जायचा, तो दुसऱ्या दिवशीच उगवायचा.

तो वारला त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून व्हर्नेलचं एकच मागणं... एकदा येऊन जा. काहीतरी खूण दे.

काही नाही. घर गप्प.

त्या दुपारी गाडी क्लॉडेट चालवत होती. कापसाची शेतं मागे पडली आणि एका वळणावर... गाणं ऐकू आलं.

एकीने ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती ओढत, लांबवत म्हणायची, तसलं जुनं गाणं. सोबत कसलंही वाद्य नाही.

"थांब," व्हर्नेल म्हणाली.

"इथे काही नाही गं. पुढच्या गावात जेवू."

क्लॉडेटचा चेहरा कसनुसा झाला होता. व्हर्नेलला वाटलं, भूक लागली असेल. तिने हट्टाने गाडी वळवायला लावली.

लाकडी, पांढरं चर्च. बाहेर झाडाखाली लांब टेबलं मांडलेली. तळलेले मासे, मक्याचा पाव, पालेभाजीचं पातेलं, सगळं फडक्यांनी झाकलेलं. बाहेर चिटपाखरू नाही.

पायऱ्या चढता चढता व्हर्नेल थबकली.

बायकांच्या आवाजाखाली एक पुरुषी आवाज होता. खर्जातला. आणि मध्येच... घसा खाकरला. दोनदा.

ते खाकरणं तिने सगळा संसारभर न्याहारीच्या टेबलावर ऐकलं होतं.

पण रॉस्को गायचा कुठे? चर्चमध्ये तो तोंड मिटून उभा राहायचा. मला सूर नाही, म्हणायचा.

तिने दार ढकललं.

आत काही म्हाताऱ्या बायका होत्या. उजवीकडचा पुरुषांचा बाक मात्र रिकामा.

आवाज तिथूनच येत होता.

बायकांनी ओळ संपवली, तोंडं मिटली. खर्जातला सूर मात्र... चालूच होता. मग सावकाश विरला.

पुढच्या बाकावरून काठी टेकत एक वाकलेली बाई उठली. तिला सगळ्या मिस ओला म्हणत होत्या. तिने व्हर्नेलकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आलीस का गं, क्लॉडेट? आम्हाला वाटलं, भांडलात की काय दोघं. तुझा नवरा दर रविवारी एकटाच येऊन गातो."

क्लॉडेटचं लग्नच झालेलं नव्हतं.

व्हर्नेल बहिणीकडे वळली. क्लॉडेट खाली मान घालून उभी होती.

"तो मासे धरायला जायचा नाही, व्हर्नेल," ती पुटपुटली.

तेवढ्यात रिकामा बाक करकरला...

पावलं वाजली. मिस ओलाने काठी जवळ ओढून घेतली, कुणाला वाट करून द्यावी तशी. आणि वास आला... दाढीच्या साबणाचा. त्याच्याच.

व्हर्नेलचा राग कुठल्या कुठे गेला. "रॉस्को," ती म्हणाली, "मी इकडे आहे."

पावलं तिच्यापाशी आली...

थांबली...

आणि तिला वळसा घालून पुढे गेली.

"क्लॉडेट."

एवढंच. त्याचाच आवाज.

व्हर्नेलने बहिणीच्या हातातून किल्ली हिसकावली आणि बाहेर पडली. गाडी सुरू करताना तिला दिसलं, बायका टेबलांपाशी आल्या होत्या. मिस ओला ताटं वाढत होती. एक क्लॉडेटला दिलं. दुसरं तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवलं.

व्हर्नेलला जेवायला थांब असं कुणीच म्हणालं नाही.

क्लॉडेट परत आली नाही. त्याच गावात भाड्याने घर घेऊन राहिली. नाताळात तिचा फोन आला. माफी मागत होती, रडत होती. व्हर्नेल फोन आपटणारच होती, तेवढ्यात क्लॉडेटच्या मागून... कुणीतरी गुणगुणलं.

गाणं संपेपर्यंत तिने फोन कानावरून हलवला नाही.

आता दर रविवारी फोन तीच करते. बहिणीशी अवाक्षर बोलत नाही. नुसती ऐकत बसते. मी एकदा विचारलं, एवढं होऊनही का ऐकतेस? म्हणाली, "चुकून तरी माझं नाव घेईल."

मागच्या महिन्यात मी तिच्याकडे बसले होते. तिने फोन माझ्यापुढे धरला. ऐक, म्हणाली.

मी हात पुढे केला... आणि मागे घेतला.

तिने तो पुन्हा कानाला लावला. डोळे मिटले.

"आज अगदी जवळून गातोय."

कॉफी तशीच ठेवून मी उठले. तेव्हापासून रविवारी मी तिच्याकडे जात नाही.